गालाच्या आतले केस

भोपाळमधल्या आमच्या भागातल्या मराठी मंडळाने गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत माझ्यावर दीड पान छापले आहे. मथळा आहे 'मृत्यूला परतवून लावणारे आजोबा'. छापण्यापूर्वी कोणी मला विचारले नाही. छापून झाल्यावर मात्र दोन पदाधिकारी प्रत घेऊन घरी आले आणि सोबत पेढे आणले. पेढा माझ्या तोंडात चिकटून बसतो आणि तो काढायला बोट घालावे लागते. ज्यांना एवढेही ठाऊक नाही त्यांनी माझ्या तोंडाविषयी दीड पान लिहावे, याचे मला आश्चर्य वाटले नाही. राग आला.

लेखात म्हटले आहे की शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी, गळ्यात श्वासाची नळी असल्यामुळे बोलता येत नसताना, मी कागद मागवला आणि थरथरत्या हाताने लिहिले, 'मी हरणार नाही.' हे साफ खोटे आहे. तो कागद आमच्या कपाटात आहे. माझ्या पत्नीने तो का जपून ठेवला ते तिलाच माहीत. त्यावर लिहिले आहे, 'बादली झाका.' दिवस दुसरा नव्हता, चौथा होता. आणि हात थरथरत नव्हता. कारखान्याच्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाचा हात आहे तो. ज्याला शंका असेल त्याने येऊन अक्षर पाहावे.

बादलीविषयी सांगितले पाहिजे, कारण स्मरणिकेत ती नाही. त्या वॉर्डात सहा खाटा होत्या आणि सहा माणसांना गिळता येत नव्हते. ज्याला गिळता येत नाही त्याची लाळ कुठेतरी जावी लागते. ती माझ्या आणि शेजारच्या खाटेच्या मध्ये ठेवलेल्या निळ्या प्लास्टिकच्या बादलीत जात होती. तिच्यात रक्ताळलेला कापूस असे, नाकातल्या नळीवाटे उलटून आलेले दूध असे, आणि दुपारपर्यंत तिच्यावर साय धरत असे. हेही मी सोसले असते. परंतु शेजारच्याला भेटायला येणारे त्याचे भाऊ आणि मेहुणे गुटख्याचा तोबरा त्याच बादलीत रिकामा करत. ज्याचा अर्धा जबडा गुटख्यापायी कापून काढला त्याच्या उशाशी उभे राहून ते लाल पिचकारी मारत, मनगटाने ओठ पुसत आणि विचारत, "अब कैसा लग रहा है, भैया?" तो बिचारा अंगठा वर करी. त्या क्षणी मला जे वाटत होते त्याला मराठीत किळस म्हणतात. तिचे धैर्य करून छापण्याचा अधिकार मंडळाला कोणी दिला?

आरंभाविषयीही लेखकाने असेच आपल्या मनाचे लिहिले आहे. 'आजाराची चाहूल लागताच त्यांनी तातडीने उपचार घेतले.' मी सात आठवडे घालवले, आणि अज्ञानाने घालवले नाहीत, कौशल्याने घालवले. डाव्या गालात आतून एक चरा पडला होता. जीभ लावून पाहिली तर समोरच्या दाढेची कड धारदार लागत होती. मला निदान सापडले. धारदार कड मांसाला घासते, मांस फाटते. कड मोडली, म्हणजे घासून बोथट केली, की मांस आपोआप भरून येते. टूलरूममध्ये येणारा प्रत्येक पोरसवदा कामगार पहिल्या महिन्यात हे शिकतो. माझ्या पेटीत घड्याळजी वापरतात तशी बारीक कानस होती. आरसा खिडकीत टेकवला, डाव्या हाताने गाल ओढून धरला आणि उजव्या हाताने दाढेची कड मोडली. पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. दाढ इतकी गुळगुळीत झाली की जिभेला सापडेना. चरा मात्र वाढत गेला.

त्याच सुमारास पत्नी शेजारच्या खोलीत झोपू लागली. "तुमच्या घोरण्याने झोप लागत नाही," असे ती म्हणाली. मी वाद घातला, कारण मी घोरत नाही. घोरण्याचा प्रश्नच नव्हता, माझ्या तोंडाला कुजल्याचा वास येत होता, हे तिने मला शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर सांगितले. घरात सगळेच इतके सभ्य असतील तर माणूस सभ्यपणे मरतो.

मी गुटखा कधीही खाल्लेला नाही, हे येथे नोंदवून ठेवतो. मी विडा खात असे: घरचा, पितळी डब्यातला, स्वतः अडकित्त्याने सुपारी कातरून केलेला, आणि त्यात चिमूटभर काळी तंबाखू. दोन जेवणांनंतर दोन. टपरीवरच्या पुडीत आणि माझ्या विड्यात मला आकाशपाताळाचे अंतर वाटे. माझ्या गालाला ते वाटले नाही.

आठव्या आठवड्यात मी ज्यांच्याकडे गेलो त्या सर्जन बाई तिशीपस्तिशीच्या होत्या. त्यांनी दाताचा आरसा आत घातला आणि त्या थांबल्या.

"बाबूजी, ये दाढ़ किसने घिसी?"

"मैंने."

"आपने? किससे?"

"रेती से. स्विस है, मेरी अपनी." हिंदीत रेती म्हणजे कानस.

त्यांनी आरशाची दांडी दाढेवरून एकदा फिरवली. "फिनिशिंग बढ़िया है," त्या म्हणाल्या. "बस, जॉब ग़लत उठा लिया आपने."

माझ्या आजारपणात माझ्याविषयी बोलले गेलेले एवढे एकच वाक्य मला अचूक वाटते.

त्यांनी गालाचे आतले अस्तर, खालच्या जबड्याची एक फाक आणि मानेतल्या गाठी काढल्या. मोकळी झालेली जागा भरण्यासाठी छातीवरचे कातडे खालच्या मांसासकट उचलले आणि मानेच्या त्वचेखालून ओढून घेऊन गालात शिवले. काम उत्तम आहे. मला त्यातले कळत नसले तरी जोडकाम ओळखता येते. तपासणीत गाठींत कर्करोग निघाला नाही, कापलेल्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणून किरणांचे उपचार करावे लागले नाहीत. परंतु छातीचे कातडे गालात नेऊन बसवले तरी आपण छाती आहोत हे ते विसरत नाही, ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. सर्जन बाई म्हणतात सांगितली होती, कागदावर माझी सही आहे. सही असेल. चौथ्या महिन्यात माझ्या गालाच्या आत केस उगवले.

ज्याला हे वाचवत नसेल त्याने स्मरणिका वाचावी. माझ्या छातीवर दाट केस होते, ते आता तोंडात आहेत. पांढरे, राठ, आणि तोंडातल्या ओलाव्यामुळे बाहेरच्यापेक्षा अधिक जोमाने वाढणारे. त्यांत भाताची शिते अडकतात. दुधाची साय अडकते. कोथिंबिरीचे पान तासाभराने बाहेर येते, तेव्हा ते कोथिंबिरीचे आहे हे आठवावे लागते. दर पंधरा दिवसांनी मी खिडकीत तोच आरसा टेकवतो आणि वाकड्या टोकाच्या कात्रीने केस कापतो. ते ओले, चिकट होऊन अंगठ्याला लागतात. मला दर वेळी मळमळते. पत्नी म्हणते सवय होईल. तीन वर्षे झाली, झालेली नाही, आणि व्हावी अशी माझी इच्छाही नाही.

खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याची नसही त्या कामात गेली. तिथून ताक ओघळते आणि ओघळल्याचे मला कळत नाही. समोरच्याच्या नजरेवरून कळते. म्हणून मी स्वयंपाकघरात, दार लावून, एकटा जेवू लागलो. घरच्यांनी पाहुण्यांना सांगण्यासाठी याचीही एक कहाणी केली: "बाबा आता जेवताना मौन पाळतात." काही जण माझ्या वैराग्याने प्रभावित झाले. मला वैराग्य वगैरे काही नाही. एके काळी ज्याच्या हाताखाली साठ माणसे होती त्याच्या हनुवटीवरून ताक गळताना कोणी पाहू नये, एवढेच होते.

आता जावयाविषयी. लेखाचा उत्तरार्ध त्याच्यावर आहे आणि तो पूर्वार्धाहून वाईट आहे.

मला एकच मुलगी. तिचे सासरचे लोक सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, त्याला दोन पिढ्या झाल्या. जावई त्याच कचेरीत आहेत, कोलार रोडला राहतात. स्वभावाने गोड, कामाला चोख, आणि गालात कायम खर्रा. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून जो ओलसर लगदा होतो तो खर्रा. नागपूरहून येणारा प्रत्येक नातेवाईक त्यांच्यासाठी तो आणत असे, जशी आपण संत्री आणतो.

आमच्यात जावयाला उपदेश करत नाहीत. त्याच्यासाठी पाट मांडतात, त्याला ओवाळतात आणि जेवण झाल्यावर सासरा स्वतःच्या हाताने विडा देतो. मी चौदा दिवाळ्या दिला. डब्यातली चांगली पाने निवडून, सुपारी बारीक कातरून, तंबाखू घालून, लवंग टोचून. मुलगी एकदा मला म्हणाली, "बाबा, तुम्हीच लावलंत त्यांना." हे मला मान्य नाही. लग्नाच्या दिवशी शेरवानीच्या खिशात खर्ऱ्याची पुडी घेऊन मांडवात उभा राहिलेला हा गृहस्थ आहे. सवय त्यांची होती. त्या सवयीला घरात पाटावर बसवून मान मी दिला. एवढा भाग मी स्वीकारतो. याहून अधिक स्वीकारणार नाही.

माझ्या शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या दिवाळीत ते फराळाला आले. मी खोलीच्या कोपऱ्यात बसून होतो. त्यांनी चकलीचा चुरा केला आणि दह्यात भिजवला. लाडू सुपारीएवढे तुकडे करून ओठांच्या फटीतून आत सरकवला.

"जावईबापू, रस्सा घ्या ना थोडा. तुमच्यासाठी झणझणीत केलाय," पत्नी म्हणाली.

"नको आई, डायट सुरू आहे माझा."

"हो ना, चार किलो उतरले," मुलगी कौतुकाने म्हणाली.

ज्या वर्षी मी दाढ घासत होतो त्या वर्षी मीही रस्सा नको म्हणत होतो. निघताना ते नमस्काराला वाकले, उठताना त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळून गेला, आणि तो वास मला आला. वेलदोड्याखाली दडपलेला. मला तो कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मी मुलीला बाजूला घेऊन सांगितले, यांना डॉक्टरकडे ने. ती तीन आठवडे त्यांच्या मागे लागली तेव्हा ते गेले. गालातला तुकडा तपासायला पाठवला. जे निघायचे तेच निघाले. सर्जन बाईंनी शस्त्रक्रिया सांगितली, आणि लवकर सांगितली. जावयांनी नकार दिला. कचेरीतल्या कोणीतरी त्यांना पक्के पटवले होते की चाकू लागला की कर्करोग पसरतो. कुठल्याशा वैदूची करडी पावडर आणून ते ती गालात धरू लागले.

एका दुपारी मुलगी नेहरू नगरला आमच्याकडे आली आणि हे सर्व सांगून पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसली. अजून काहीतरी आहे हे मी ओळखले.

"सांग."

"नाही बाबा, काही नाही."

"सांग म्हणतो ना."

"म्हणाले..." ती आईकडे पाहत राहिली. "म्हणाले, बाबांसारखं तोंड घेऊन जगण्यापेक्षा मेलेलं बरं."

"अगं, असं बोलून दाखवतात का?" पत्नी ओरडली.

दोन दिवस मी जावयाशी मनातल्या मनात भांडत होतो. ज्या तोंडाला मी दीड-दोन वर्षे दारामागे लपवले ते न पाहताच त्यांनी त्याची किंमत ठरवली होती. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की दार मीच लावले होते. त्यांनी ते तोंड कधी पाहिलेच नव्हते. दारामागे काहीतरी भयंकर आहे एवढेच त्यांना माहीत होते. मी फोन केला. "रविवारी दुपारी जेवायला या. दोघेही."

टेबलावर मी समोरासमोर दोन ताटे मांडायला सांगितली.

"त्यांच्यासमोर जेवणार तुम्ही?" पत्नीने विचारले. "आणि कढी? अहो, कढी नको आज."

"कढीच कर."

मी जेवलो. वरणभात डाव्या बाजूने बाहेर आला, तो चमच्याने परत आत ढकलला. कढी हनुवटीवरून सदऱ्यावर उतरली. जावई खाली मान घालून भात चिवडत होते.

"वर बघा, जावईबापू."

"बाबा, तुम्ही आरामात जेवा ना, मी..."

"वर बघा."

त्यांनी पाहिले. जेवण होईपर्यंत मी त्यांना नजर खाली घालू दिली नाही. मग आरसा, टॉर्च आणि कात्री मागवली, त्यांच्या दिशेला वळून तोंड उघडले, आणि त्यांच्या हातात टॉर्च देऊन त्यांना आत पाहायला लावले. केसांत शिते होती. मी केस कापले, एक एक, घाई न करता, आणि ते शितांसकट बशीच्या कडेला पुसले. जावयांचा चेहरा पांढरा पडला.

"उलटी येतेय?"

"हो, बाबा."

"मोरी डाव्या हाताला आहे. जाऊन या. मग बोलू."

ते जाऊन आले. मी गुळणी केली, रुमालाने तोंड पुसले आणि म्हणालो, "ही माझी घाण. कापली, धुतली, गेली. पंधरा दिवस काळजी नाही. आता तुमची दाखवा."

"राहू द्या ना, बाबा. छाला आहे फक्त, साधा फोड..."

"उघडा."

निरोगी तोंडात उभी तीन बोटे मावतात. त्यांच्यात दीडही मावेना. खर्ऱ्याने गाल आतून दोरखंडासारखे आवळले होते. मी टॉर्च धरली. कोणत्याही सासऱ्याने जावयाच्या तोंडात असे डोकावू नये, आणि मला वाटत नाही की आमच्या घराण्यात यापूर्वी कोणी डोकावले असेल. आत पांढुरके, कडक झालेले अस्तर होते आणि त्यात रुपयाएवढा खड्डा. कडा उचललेल्या, तळ राखाडी, त्यात वैदूची पावडर साचून चिखल झालेला. वास असा की मला टॉर्च खाली ठेवावी लागली. मी आरसा त्यांच्या हातात दिला. नंतर कळले की ते कित्येक महिने तोंड मिटूनच दाढी करत होते. त्यांनीही हे पाहिले नव्हते.

"हे धुऊन दाखवा," मी म्हणालो. "पावडर चोळा, गुळण्या करा, कानस लावा. मी सगळे करून बसलो आहे. हे धुतले जात नाही. तुम्ही आणि मी जेवून उठलो, जावईबापू. हे अजून जेवतेय."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडत होती, हे खरे आहे. लेखात मात्र म्हटले आहे की 'कन्येच्या अश्रूंनी जामाताचे मन द्रवले.' ती त्याआधी महिनाभर रोज रडत होती आणि काहीही द्रवले नव्हते. त्या दिवशी जावयांनी आरशात पाहिले, पुन्हा पाहिले, आरसा टेबलावर पालथा ठेवला आणि सदऱ्याची दोन बटणे उघडून स्वतःच्या छातीकडे पाहिले.

"पण बाबा," ते म्हणाले, "माझ्या छातीवर तर केसच नाहीत."

पहिल्यांदा पत्नी हसली, पदर तोंडाला लावून. मग मुलगी, रडता रडता.

"मग तुम्ही माझ्यापेक्षा सुखात जेवाल," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात ते दाखल झाले. त्यांच्या वाट्याला माझ्यापेक्षा जास्त आले: जबड्याचा मोठा तुकडा गेला, मानेतल्या दोन गाठींत रोग पोहोचला होता, पुढे किरणांचे उपचार झाले, आणि त्यात तोंडाची आतून अशी सालटी निघाली की पाण्याचा घोट घेताना ते टेबलाची कड पकडत. चाकूने पसरतो म्हणणाऱ्यांनी हे ऐकावे: त्या गाठींत रोग चाकू लागण्यापूर्वीच गेला होता, पावडरीच्या दिवसांत. वॉर्डात मी त्यांच्यासाठी झाकणाची बादली घेऊन गेलो. उशाशी स्टूल टाकून बसलो आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी बाहेर जाऊन थुंकून यायला लावले. त्यांचे एक काका माझ्यावर कायमचे रागावले आहेत. रागावोत.

ही दीड वर्षांपूर्वीची गोष्ट. दर दोन महिन्यांनी सर्जन बाई त्यांना तपासतात आणि "अभी तक साफ़ है" म्हणतात. 'अभी तक' या शब्दांवर आमचे घर चालते. 'दोन योद्ध्यांचा विजय' हे मंडळाचे शब्द आहेत. त्यात 'अभी तक' कुठेही नाही. आता मंडळाने आम्हा दोघांचा सत्कार ठरवला आहे. निमंत्रणपत्रिकेवर छापले आहे: सत्कार, आणि त्यानंतर पानसुपारी. मी ती पत्रिका 'पानसुपारी'खाली लाल शाईने खूण करून परत पाठवली.

किरणांनंतर जावयांचे तोंड पुन्हा आवळू लागले. रोज ताण दिला नाही तर ते मिटून जाईल, असे त्यांना सांगितले आहे. दवाखान्यात आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायला शिकवतात. मला ते काम ओबडधोबड वाटले. मी सागवानाची एक पाचर केली, टोकाला पातळ, मागे जाड होत जाणारी, आणि तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा कोरल्या. ओठाला लागू नयेत म्हणून कडा मोडल्या, त्याच स्विस कानशीने.

दर रविवारी ते कोलार रोडहून येतात. आम्ही समोरासमोर जेवतो. माझे डावीकडून गळते, त्यांचे उजवीकडून, आणि पत्नी दोन नॅपकिन ठेवून तिसऱ्या खुर्चीवर बसते. स्वयंपाकघराचे दार उघडे असते. जेवण झाले की ते पाचर दातांत धरून पुढे रेटतात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि थांबतात तिथली खूण मी वाचतो. आरंभी चौदा होती. गेल्या रविवारी बावीस.

"तेवीस नाही का आले, बाबा?" त्यांनी विचारले.

"बावीस. खोटे सांगणार नाही."

पाचर बाहेर येते ती लाळेने लडबडलेली, तारा सुटलेली, क्वचित रक्ताची रेघ असलेली. ती मी मोरीवर नेऊन स्वतः धुतो. ते काम मी पत्नीला करू देत नाही आणि मुलीलाही नाही. साबण लावतो, कढत पाणी ओततो, खुणांच्या खाचा जुन्या दातघासणीने साफ करतो. तेवढा वेळ मला तोंड बाजूला फिरवावे लागते.